लिहायची राहिलेली ओळ

"तुमच्याकडे संप-बिप चालू आहे का हो?" फोनवरच्या बाईंनी विचारलं, आणि कारकून चक्क हसला. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या हसण्याची. सकाळचे सव्वाअकरा झाले होते, चहा अर्धा पिऊन झाला होता, समोरच्या इमारतीची काच पुसणारा माणूस दोरीवर लोंबकळत होता, आणि कारकुनाच्या पडद्यावरचे सगळे दिवे हिरवेगार होते. "संप कसला, बाई? का बरं?" "अहो, मग रिपोर्ट कुठे आहेत? बारा दिवस झाले, तुमच्याकडून एक कागद आलेला नाही. नवीन सोय आहे, पहिले काही दिवस उशीर होईल, असं तुमचंच पत्र आलं होतं, म्हणून आम्ही गप्प बसलो. पण म्हणून काय बारा दिवस?" या बाई दोन तासांवरच्या एका लहान हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर बसायच्या. कारकुनाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचा खोकला, त्यांच्यामागे सतत रडणारं कुठलं ना कुठलं मूल, हे सगळं त्याच्या ओळखीचं होतं. "बघतो, पाच मिनिटांत सांगतो," तो म्हणाला. त्याने फोन ठेवला. त्याच हॉस्पिटलात सोळा दिवसांपूर्वी त्याच्या ताईच्या छातीतून एक तुकडा काढून तपासायला पाठवला होता, आणि तो तपासायला आला होता याच इमारतीत, कारकुनाच्या पायांखाली तिसऱ्या मजल्यावर.

कारकून हे त्याचं घरातलं नाव. नोकरीत तो कारकून नव्हता. या लॅबचे सर्व्हर सांभाळायचा. खाली डॉक्टर काचेच्या पट्ट्या भिंगाखाली धरून रिपोर्ट लिहायचे, आणि ते ज्या त्या हॉस्पिटलच्या कप्प्यात नेऊन ठेवणं हे वर एका सर्व्हरचं काम होतं. फाइल इकडून घ्यायची, तिकडे ठेवायची, 'पोचली' म्हणून नोंद करायची, एवढंच. कारकून हे नाव पडलं त्याला चाळीस वर्षं झाली. आई कपडे शिवायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, दाराशी आरसा, आणि आरशासमोर उभ्या राहिलेल्या बायका. वडील तो कळता होण्याआधीच गेलेले. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. ती टेप घेऊन मापं घ्यायची आणि हा स्टुलावर बसून वहीत लिहायचा. छाती चौतीस. खांदा साडेतेरा. बाही नऊ. सात-आठ वर्षांचं पोर, नाकासमोर वही धरून, जीभ बाहेर काढून लिहायचं, आणि बायका हसायच्या, "काय गं, कारकून ठेवलाय वाटतं!" आईचा एकच दंडक होता. माप लिहून झालं की ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "वाचून दाखव." मग त्याने वाचायचं आणि ताईने टेप पुन्हा लावून हुं म्हणायचं. न लिहिलेलं माप आई धरायचीच नाही. एकदा एका बाईने जाता जाता दारातून सांगितलं, कॉलर थोडी मोठी ठेवा, आणि त्याने मान डोलावली पण लिहिलं नाही. कोट जुन्याच कॉलरचा शिवला गेला. आई रागावली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिने नुसती ती कॉलर दुपारभर उसवली, टाका टाका, त्याच्यासमोर बसून. तेव्हापासून तो सगळं लिहितो. त्याच्या शर्टाच्या खिशात कायम चिठ्ठ्या असतात. बायको म्हणायची, उद्या श्वास घ्यायचा असंही लिहून ठेवशील. ऑफिसात त्याच्या चिठ्ठ्यांची टिंगल व्हायची आणि काही अडलं की त्याच चिठ्ठ्यांसाठी सगळे त्याच्या टेबलाशी यायचे.

आणि नेमकी ही एक ओळ त्याने लिहिली नव्हती. हे त्याला पडद्यासमोर बसल्या बसल्या, काहीही न तपासता, कळलं. कसं कळलं, सांगता यायचं नाही. फोन ठेवला, खुर्ची पुढे ओढली, आणि कानात ताईचा सतरा दिवसांपूर्वीचा आवाज आला, "अरे, कामात आहेस का?" बस, तेवढ्यावरून. सर्व्हरला काही गोष्टी त्याच्या आत कोरून सांगतात, आणि काही गोष्टी तो उठण्याआधी त्याच्या आजूबाजूला मांडून ठेवतात. कुठला दरवाजा उघडायचा, कुणाला आत घ्यायचं, आलेल्या फाइली कुठल्या कप्प्यात ठेवायच्या. तो उठतो, आजूबाजूला काय मांडलंय ते बघतो, त्याची एक प्रत स्वतःजवळ घेतो आणि कामाला लागतो. आतलं कोरलेलं एक सांगत असेल आणि बाहेर मांडलेलं दुसरं, तर तो बाहेरचं ऐकतो. बाहेर काहीच मांडलं नसेल तर आतलं. तक्रार करत नाही, विचारत नाही. नव्या पोरापोरींना कारकून हे असंच समजावून सांगायचा आणि शेवटी बजावायचा: "ही मांडामांड हाताने केलीत ना, तर ती तुमच्या त्या बैठकीपुरती. यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं की पाटी कोरी. म्हणून ओळ फाइलीत लिहायची, म्हणजे दर वेळी उठताना त्याला ती मिळेल." किती जणांना सांगितलं असेल. डोळ्यांत तेल घालून त्यांची कामं तपासली होती.

त्या मंगळवारी त्या लहान हॉस्पिटलसाठी नवा कप्पा केला होता. त्याने नव्या कप्प्याची वाट हाताने टाइप केली, नुसती चाचणीसाठी, सर्व्हर हाताने उठवला, एक खोटी फाइल पाठवली, ती नव्या कप्प्यात जाऊन पडली. उत्तम. आता ओळ फाइलीत लिहायची, सर्व्हर पुन्हा एकदा उठवायचा, बघायचं, घरी जायचं. त्याने फाइल उघडलीसुद्धा होती. आणि फोन वाजला. "अरे, कामात आहेस का?" "नाही गं, बोल." "उद्या तुकडा काढणार आहेत." ताई एरवी बडबडी; फोन केला की आधी शेजारणीची कुरकुर, मग गुडघे, मग याची हजेरी. त्या दिवशी ती एक वाक्य बोलून थांबली. त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली. कसला तुकडा, कुठला, कधी कळलं. स्वतःसाठी एक कोट बेतत होती, आरशासमोर उभी राहून टेप लावला आणि बोटाला गाठ लागली. "चाळीस वर्षं दुसऱ्यांना टेप लावतेय, स्वतःला कधी लावलाच नाही बघ," ती म्हणाली आणि हसायला गेली. तो पाऊण तास बोलत होता. काही नसतं गं, शंभरातल्या नव्वद गाठी साध्या असतात, असं काहीबाही. आकडा कुठून आणला देव जाणे. पाऊण तासाने खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली तेव्हा सर्व्हर नीट चालू होता, चाचणीची फाइल नव्या कप्प्यात दिसत होती, आणि त्याच्या डोक्यात झालेलं आणि करायचं यांची गल्लत झाली. उघडी फाइल त्याने बंद केली. मग खिशातून चिठ्ठी काढून त्यावर ताईने सांगितलेला नोंदणी क्रमांक लिहिला. चव्वेचाळीस दहा नऊशे सत्तावीस. तो मात्र लिहिला.

सर्व्हर पाच दिवस नीट चालला. हाताने सांगितलेलं त्याने इमानाने धरून ठेवलं होतं. रविवारी इमारतीतल्या विजेचं काम निघालं, यंत्रं बंद झाली, चालू झाली, सर्व्हर आपला आपण उठला, आणि त्याने आजूबाजूला बघितलं तर काही मांडलेलं नव्हतं. तेव्हा त्याने आतलं जुनं ऐकलं आणि फाइली जुन्या कप्प्यात ठेवू लागला. जुना कप्पा कारकुनाने काढून टाकला असता तरी बरं झालं असतं. सर्व्हरने कप्पा सापडत नाही म्हणून बोंब मारली असती, लाल दिवा लागला असता. पण कारकून जुनं काही टाकत नसे. असू दे, कधी लागलं तर. आईचा टेप अजून त्याच्या कपाटात होता. म्हणून बोंब झाली नाही. खालच्या डॉक्टरांना 'पोचली' दिसत होतं, वरती दिवे हिरवे होते, तिकडे हॉस्पिटल रिकाम्या नव्या कप्प्याकडे बघत होतं आणि उशीर होईल या कारकुनाच्याच पत्रावर विश्वास ठेवून मूग गिळून बसलं होतं. पूर्वी गंभीर रिपोर्ट असला की खालून डॉक्टर स्वतः फोन करायचे. नवी सोय झाली तेव्हा ते फोन बंद केले. आता तशी फाइल कप्प्यात पडली की हॉस्पिटलात आपोआप घंटा वाजायची. ही सूचना कुणाची होती, हे आठवायची त्याला गरज नव्हती. बैठकीत टाळ्या वाजल्या होत्या.

त्याने जुना कप्पा उघडला. एकसष्ट. आकडा कोपऱ्यात आला आणि यादी खाली उतरत गेली. काच पुसणारा माणूस आता एक मजला खाली आला होता, त्याच्या खिडकीच्या बरोबर समोर, आणि तो ओल्या फडक्याने काचेवर मोठे मोठे गोल काढत होता. यादीत नावं नव्हती, क्रमांक होते. लॅबचा नियमच होता, फाइल उघडल्याशिवाय माणूस कळता कामा नये. पण क्रमांकानंतर एक आकडा असायचा, आणि तो इथल्या सगळ्यांना कळायचा. एक म्हणजे साधं. दोन म्हणजे पुन्हा तपासा. तीन म्हणजे माणसाला ताबडतोब बोलवा. त्याने यादीवरून डोळे काढले आणि खिशातली चिठ्ठी चाचपली. ती होती. काढली नाही. काढायची गरजही नव्हती, क्रमांक पाठ होता; पण चिठ्ठी काढली नाही तोवर आपण काही बघितलं नाही, असं काहीतरी त्याचं चाललं होतं. माणसाचं मन म्हणजे असला फाजील वकील. गेले दहा-बारा दिवस त्याने असंच केलं होतं. शोधायचं म्हटलं असतं तर ताईचा रिपोर्ट कधी तयार झाला, कुठे गेला, हे त्याला दोन मिनिटांत दिसलं असतं. शोधलं नाही. रुग्णांच्या फाइलींत नाक खुपसायचं नाही, हा नियम आहे, आणि मी नियमाचा माणूस, असं तो स्वतःला सांगायचा, आणि ते खरंही होतं. पण त्याच्या खाली भीती होती, साधी, लहान मुलाची भीती, आणि तिने नियमाचा कोट अंगावर चढवला होता. त्याने शोधलं असतं तर सगळं त्याच दिवशी उघडकीला आलं असतं.

सहा दिवसांपूर्वी ताईने पुन्हा फोन केला होता. "अरे, आठ दिवसांत कळवतो म्हणाले होते. दहा झाले. काही कळेना. विचारू का मी?" आणि तो काय म्हणाला होता? तो म्हणाला होता, "काही वाईट असतं ना ताई, तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं असतं. मला माहीत आहे ना, आमच्याकडेच होतं हे सगळं. फोन आला नाही म्हणजे चांगलं." ताईने तिकडे इतका मोठा श्वास सोडला की त्याच्या कानात वारा गेल्यासारखा आवाज आला. "तू म्हणतोस म्हणजे झालं," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला तो त्याच्या शब्दावर. परवा तिने मागची खोली रंगवायला काढली. फोनवर म्हणाली, पिवळा लावतेय, तुला आवडणार नाही, पण तुला विचारतंय कोण. किती तरी दिवसांनी ती अशी बोलली होती. अर्धवट राहिलेला तो कोटही तिने पुरा केला होता, मोठ्या कॉलरचा.

आईने गाठ लपवली होती. जन्मभर दुसऱ्या बायकांच्या छातीची मापं घेतलेली बाई, स्वतःबद्दल अवाक्षर बोलली नाही. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. नंतर हॉस्पिटलातल्या डॉक्टरने ताईला आणि त्याला समोर बसवून विचारलं, "तुम्हाला कुणालाच कळलं नाही?" आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिली. त्या प्रश्नाने त्याला आतून कायमचं कुठेतरी वाकडं केलं. आईकडून काय काय आलं याचा हिशेब तो अधूनमधून करायचा. ताईकडे आईचे हात आले, आईची मान खाली घालून ऐकायची सवय आली. त्याच्याकडे लिहिणं आलं. माणूस उठतो तेव्हा आजूबाजूला जे मांडलेलं असतं त्याची प्रत घेऊन उठतो. ती कुणी वाचून दाखवत नाही, यात काय काय आहे म्हणून. ताईच्या प्रतीत हीही ओळ होती की काय, हे त्याला आता या यादीतून कळणार होतं, आणि त्याला ते कळायला नको होतं. त्याला उठून जिना उतरून बाहेर जायचं होतं. रस्त्यावर उभं राहून रिकामटेकड्यासारखं नुसतं येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघायचं होतं. शेवटी त्याने यादी खाली सरकवली, बोटाने, एकेक ओळ. चव्वेचाळीस दहा नऊशे सव्वीसच्या खाली चव्वेचाळीस दहा नऊशे सत्तावीस. तारीख दहा दिवसांपूर्वीची, दुपारी दोन वाजून पाच मिनिटं. शेवटचा आकडा तीन.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग चिठ्ठी काढली आणि ताडून बघितली, एकेक आकडा, जशी ताई टेप पुन्हा लावून बघायची तशी. तीनच होता. फाइल त्याने उघडली नाही. आता उघडायची राहिलीच काय होती? समोरचा माणूस दोरी सैल करून आणखी खाली गेला आणि खिडकीत नुसती स्वच्छ काच उरली.

"काय झालं? तोंड असं का केलंय?" मॅडम मागे उभ्या होत्या. त्या विभागाच्या प्रमुख, वयाने त्याच्याहून लहान, कामाला चोख, वाईट बाई नव्हे. त्याने सांगितलं. एकसष्ट रिपोर्ट, बारा दिवस, माझी चूक, ओळ लिहायची राहिली. ताईचं सांगितलं नाही. मॅडमनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि जरा वेळ यादीकडे बघितलं. "आधी फाइली हलवा," त्या म्हणाल्या, "तातडीच्या पहिल्यांदा." तो हलवू लागला. यादीत शेवटी तीन असलेल्या नऊ होत्या. नऊ. इतका वेळ त्याला एकच दिसत होती. बाकी आठ जण आपापल्या फोनकडे बघून, फोन आला नाही म्हणजे चांगलं, असं म्हणत असतील. त्यांच्याकडेही कुणी खोली रंगवत असेल. हे मनात आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, तुमची पंचवीस वर्षं झालीत. वर काय कळवायचं ते मी बघते. तांत्रिक अडचण, विजेचं काम, असं लिहू. खोटं नाहीये ते. हॉस्पिटललाही तेच सांगा. तुम्ही उगाच अंगावर ओढून घेऊ नका." त्या गेल्या. चांगुलपणानेच बोलल्या होत्या. आणि तो नुसता हो म्हणाला असता तर झालं असतं. विजेचं काम झालं होतंच, रविवारी, सगळ्यांसमोर. सर्व्हर आपली कामं नोंदवतो ती डायरी त्याच्याशिवाय कुणी वाचत नव्हतं. ताईलाही तेच सांगता आलं असतं. तांत्रिक अडचण होती गं. ताई म्हणाली असती, असतं रे, यंत्रच ते. ती त्याच्यावर रागावली नसती, त्याला धरून रडली असती, आणि तो मरेपर्यंत तिच्यासमोर डॉक्टरच्या त्या प्रश्नासमोर बसल्यासारखा बसून राहिला असता.

नोंदणीवाल्या बाईंचा फोन आला. त्यांच्यामागे आता मूल रडत नव्हतं, घंटा वाजत होती, थांबून थांबून. "अहो, आले! एकदम धबधबा लागलाय. पण यात नऊ तातडीचे आहेत हो." त्यांचा आवाज बदलला. "झालं काय होतं?" तो म्हणाला, "माझी चूक झाली. मी एक ओळ लिहायला विसरलो. तुमचे रिपोर्ट माझ्याकडेच पडून होते." बाईंना कुणी असं सांगत नसावं. "बरं," त्या म्हणाल्या, "आता मी एकेकाला फोन लावते. यादीप्रमाणे." "किती वेळ लागेल?" "लागेल अर्धा तास. का?" "काही नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला. ओळ अजूनही लिहिलेली नव्हती. खाली एखाद्या डॉक्टरने आत्ता रिपोर्ट पाठवला असता तर तो पुन्हा जुन्याच कप्प्यात गेला असता. त्याने फाइल उघडली, तीच, सतरा दिवसांपूर्वी उघडून बंद केलेली. हात कीबोर्डवर ठेवले. मग यादीत ताईचा नंबर कितवा असेल हा विचार मनात आला, आणि त्याने हात उचलून फोन घेतला.

"बोल, कारकुना," ताई म्हणाली. मागे ब्रश घासल्याचा आवाज येत होता. "आज सूर्य कुठे उगवलाय? कामाच्या वेळेला फोन?" "ताई, काम थांबव जरा." "थांबवते. हात पिवळे झालेत सगळे. बोल." "बसली आहेस का?" ब्रशचा आवाज थांबला. स्टूल ओढल्याचा आवाज आला. "बसले," ती म्हणाली, वेगळ्याच आवाजात. तो म्हणाला, "तुझा रिपोर्ट दहा दिवसांपूर्वीच झाला होता. तो हॉस्पिटलला पोचलाच नाही. माझ्याकडे पडून होता. माझी चूक आहे ताई, दुसऱ्या कुणाची नाही. आता अर्ध्या तासात तुला तिथून फोन येईल. तुला ताबडतोब बोलावतील." मग ती म्हणाली, "आईसारखं?" "मी उघडला नाही." "उघडला नाहीस. पण तुला कळलंय." "हो," तो म्हणाला. "तातडीचा आहे. एवढंच कळलंय. मी तुला सांगितलं होतं ना, फोन आला नाही म्हणजे चांगलं. मला काहीही माहीत नव्हतं. मी उगाच बोललो." त्याला रडू फुटलं. पन्नाशीला आलेला माणूस, भर ऑफिसात, फोन कानाला लावून. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने मान वर केली आणि पटकन खाली घातली.

ताई रडली नाही. तिचा श्वास ऐकू येत होता, मोजून घेतल्यासारखा. "दहा दिवस," ती म्हणाली. "त्यातले सहा दिवस मी छान होते रे. खोटं होतं सगळं. पण छान होते." मग एकदम, "नाही, तुला बरं वाटावं म्हणून नाही बोलत मी. राग आलाय मला. आत्ता तू समोर असतास तर हा ब्रश फेकून मारला असता." "मार," तो म्हणाला. "गप," ती म्हणाली. नळ गळत असावा तिच्याकडे, टप टप आवाज होता. "नक्की झालं काय?" त्याने सांगितलं. नवा कप्पा, हाताने टाइप केलेलं, फाइल उघडली होती आणि बंद केली, रविवारी यंत्रं बंद झाली. ती ऐकत होती. आईसारखी, मान खाली घालून, हे त्याला इथून दिसत होतं. "कधी?" तिने विचारलं. "फाइल उघडून बंद केलीस ती कधी?" त्याने खुर्ची खिडकीकडे वळवली. "मंगळवारी? मी फोन केला होता तेव्हा?" "नाही गं," तो म्हणाला, "तुझा फोन नंतर आला. त्याच्या आधीच मी सगळं आटोपलं होतं. त्याचा तुझ्याशी काही संबंध नाही." आज सकाळपासून त्याने सगळ्यांना खरं सांगितलं होतं, बाईंना, मॅडमना, ताईला, आणि हे एक खोटं त्याने इतक्या सफाईने सांगितलं की त्यालाच नवल वाटलं. नळ टपटपत राहिला.

"ती ओळ आता लिहिलीस का?" तिने विचारलं. "नाही अजून. आधी तुला फोन केला." "म्हणजे पुन्हा तेच!" ती ओरडली, आणि क्षणभर ती तीच होती, टेप गळ्यात घालून स्टुलावरच्या पोराला दटावणारी. "लिही आधी. आत्ता." "लिहितो गं, तू ठेव, मग मी लगेच—" "ठेवणार नाही. मागच्या वेळी मी पाऊण तास बोलत बसले. आज गप्प बसते. धरते मी फोन. तू लिही."

तेव्हा त्याला कळलं की तिला कळलंय. त्याने फोन खांदा आणि कानाच्या मधे धरला आणि ओळ टाइप केली. लहानशी ओळ. दोनदा चुकली, दोनदा खोडली. फाइल जतन केली, सर्व्हर बंद केला, पुन्हा उठवला, चाचणीची फाइल पाठवली. ती नव्या कप्प्यात जाऊन पडली. या सगळ्यात चार-पाच मिनिटं गेली असतील, आणि तिकडून ताईच्या श्वासाशिवाय काही आवाज नव्हता. "झालं," तो म्हणाला. "वाचून दाखव." "अगं, त्यात काय वाचायचंय—" "वाचून दाखव." त्याने वाचली. कप्पा, बरोबरचं चिन्ह, तिरकी रेघ, नवा, तिरकी रेघ, जाणारे. "एवढीच?" ताई म्हणाली. "एवढीच." ती हसली की काय ते कळलं नाही, नाकातून हवा सोडल्यासारखा आवाज आला फक्त.

"आता माझं घे," ती म्हणाली. "कागद आहे ना?" त्याने क्रमांकाची चिठ्ठी उलटी केली आणि पेन उघडलं. "उद्या सकाळचे दहा," ती सांगू लागली, एकेक शब्द सुटा करून, मापं सांगायची तशी. "हॉस्पिटल. ते आजच बोलावतील, पण मी आज जाणार नाही, ही भिंत अर्धी ठेवून कुठे जायचं? डॉक्टरना विचारायचं, किती वाढलंय. या दहा दिवसांनी किती फरक पडला, तेही विचारायचं, आणि तू समोर बसून ते ऐकायचं. आईच्या वेळी आपण काहीच विचारलं नव्हतं. सोबत कोण, तर तू. लिहिलंस?" "हो." "ऑफिसात काय सांगायचं ते तुझं तू बघ." "हो." तिकडे दुसरा फोन येत असल्याची खूण वाजली, तिच्या कानात आणि त्याच्याही. तो हॉस्पिटलचाच असणार. ती वाजत राहिली. ताईने तिकडे लक्ष दिलं नाही. "वाचून दाखव," ती म्हणाली.

त्याने चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली. उद्या, तो म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडातून फुटेना. तो पुन्हा उद्या म्हणाला. ताई फोन धरून थांबली होती.